हॉटेलची फरसबी घरच्या कढईत

घरात वाद पेटायला दोन माणसं पुरतात; विषय फरसबीचा असला तरी चालतो. आमच्याकडे एक पक्ष माझ्या भाचीचा. ती सिचुआन प्रांतातल्या लुझोऊ शहरात डॉक्टरकी शिकून आली आणि तिथल्या एका भाजीचं वेड घेऊन आली. तिचं ठाम मत असं, की ती भाजी हॉटेलातच खावी, घरी करायच्या भानगडीत पडू नये. दुसरा पक्ष तिच्या मामीचा, म्हणजे माझ्या बायकोचा. माहेर वेंगुर्ल्याचं. तिचं म्हणणं, जे एकाच्या हाताने कढईत होतं ते दुसऱ्याच्या हाताने व्हायलाच हवं. वय पाहता ही मतं उलट असायला हरकत नव्हती. माझ्याकडे काम शेंगांच्या शिरा काढण्याचं. दोघींचं बोलणं इथे मांडतो आहे; मध्ये तोंड घालायचा मोह सगळीकडे आवरलेला नाही.

भाजी कोणती ते आधी सांगायला हवं. चिनीत तिला 'गान-ब्येन स्स-ची-तौ' म्हणतात. फरसबीच्या आख्ख्या किंवा बोटभर लांबीच्या शेंगा, साल सुरकुतून जागोजागी तांबूस डाग पडेपर्यंत परततात किंवा तळतात. मग कढईत सुक्या लाल मिरच्या, जिभेला मुंग्या आणणारा हुआज्याओ हा मसाला, लसूण, आलं, खारवून मुरवलेल्या मोहरीच्या जातीतल्या भाजीचा बारीक चुरा, थोडा सोया सॉस, चिमूटभर साखर. बहुतेक ठिकाणी मूठभर डुकराचा खिमाही पडतो. रस्सा नाही, कॉर्नफ्लॉवरचा चिकट लेप नाही. मुंबई-पुण्यात 'शेजवान' या नावाने जी लाल लसणीची चटणी खपते, तिच्यात सहसा हुआज्याओचा दाणाही नसतो. तेव्हा वाचकांनी ती चव मनातून काढून टाकावी.

भाची: मामी, तुझ्या हाताला चव आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ही भाजी घरी होणार नाही. तिथल्या हॉटेलच्या शेगडीची आच आपल्या गॅसच्या दहापट तरी असते. कढई शेगडीवर ठेवली की विमान उडाल्यासारखा आवाज.

मामी: आच मोठी म्हणजे चव मोठी? आपल्या नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर काय कमी आच आहे? भट्टी भर्रर्र करते, ज्वाळा कढईच्या वर येतात. त्याच्या नूडल्स खाऊन तूच नाक मुरडतेस.

भाची: त्यात दोष आचेचा नाही, त्याच्या बाटल्यांचा आहे. माझा मुद्दा पाण्याचा आहे. फरसबीत दहात नऊ भाग पाणी. 1 ग्रॅम पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत न्यायला 100 कॅलरी लागतात, आणि उकळीला आलेल्या त्याच पाण्याची वाफ करायला 540. आपल्या गॅसवर तेवढी उष्णता वेळेत मिळत नाही. शेंगा पाणी सोडतात, ते कढईतच राहतं, आणि शेंगा त्यात शिजतात. हिरव्या, मऊ, ओलसर. वर ओलं खोबरं घातलं की तुझी नेहमीची भाजी तयार. ती मी दोन वेळा मागून खाईन, पण ती ही नव्हे.

मामी: वेळेत म्हणजे कुणाच्या वेळेत?

भाची: हॉटेलच्या. दहा टेबलं भरलेली असतात, प्रत्येकाला ताट पाच मिनिटांत हवं असतं.

मामी: माझ्या दारात दहा टेबलं नाहीत. मला अर्धा तास लागला तर कोण ओरडणार आहे? तुझा मामा? त्याला शिरा काढायला तेवढा वेळ लागतोच.

भाची: (हसून) आता तुझ्या हातात कोलीत देते. सिचुआनमधली जुनी पद्धत तू म्हणतेस तशीच आहे. चमचा-दोन चमचे तेल, मध्यम आच, आणि शेंगा हलवत राहायच्या. आतलं पाणी जाऊन साल चुरगळेपर्यंत. हॉटेलांना तेवढा वेळ परवडेना. म्हणून ती शेंगा आधी भरपूर कडक तेलातून काढायला लागली. दोन-चार मिनिटांत साल फुगते, फोड येतात, सुरकुत्या पडतात. मग झाऱ्याने उपसायच्या, तेल ओतून टाकायचं आणि मसाल्यात परतायच्या.

मामी: घ्या! घरची रीत आधीची आणि हॉटेलची सोय नंतरची. नक्कल हॉटेलने केली, आणि तू मला सांगतेस घरी होणार नाही.

भाची: जुनी कोणती हा प्रश्न इतिहासाचा झाला. मी कॉलेजच्या दारातल्या हॉटेलात जी खाल्ली ती तळलेलीच होती. तिच्या सालीला बारीक फोड होते, त्यांत मसाला अडकायचा. परतलेल्या शेंगेला सुरकुती येते, फोड येत नाहीत. सिचुआनच्या कुणा आजीची फरसबी करून तू मला 'ही बघ अस्सल' म्हणून वाढशील, पण मला आवडलेली वेगळीच होती.

इथे मला भाचीचा मुद्दा वजनदार वाटला. पदार्थाच्या खरे-खोटेपणावर बोलताना आपण लगेच जुन्याकडे धाव घेतो. जुनं ते अस्सल, नवं ते भेसळ. पण चायनीज हॉटेलात जाऊन जी चव जिभेवर बसली ती हॉटेलच्या घाईतूनच जन्माला आलेली असते. आणि जुनं म्हणावं तर किती जुनं? फरसबी मूळची अमेरिका खंडातली, मिरचीही तिकडचीच. कोलंबसानंतर जहाजांनी दोन्ही आशियात आणल्या. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या सिचुआनी माणसाला हे ताट वाढलं असतं, तर त्यातली शेंग आणि मिरची त्याला ओळखता आली नसती. आपल्या श्रावणघेवड्याचीही तीच कथा. नावात श्रावण असला म्हणून तो पुराणात सापडायचा नाही.

मामी: मग तळू. तेलाला काय बंदी आहे?

भाची: पाव किलो शेंगांसाठी अर्धा लिटर तेल तापवशील. हॉटेलात ती तेलाची कढई दिवसभर तापलेलीच असते, त्यात पुढचे चाळीस पदार्थ निघतात. तू उरलेल्या तेलाचं काय करणार?

मामी: गाळून ठेवीन. भाज्यांना वापरीन.

भाची: एकदा ठीक. पण मग त्यात पुऱ्या, मग भजी, मग परत तेच तेल... डॉक्टर म्हणून माझं तोंड बंद राहणार नाही.

मामी: बघ, म्हणून म्हणते, परतलेलीच बरी. आणि मी ती जरा कुरकुरीत ठेवीन, अर्धवट कच्ची. हिरवा रंग राहतो.

भाची: अर्धवट कच्ची मुळीच नाही! चीनमध्ये शाळा-कॉलेजांच्या, कारखान्यांच्या खानावळींत कच्च्या राहिलेल्या फरसबीने माणसं आजारी पडल्याच्या घटना इतक्या होतात, की सरकारी खाती पुन्हा पुन्हा इशारे काढतात. फरसबी आणि राजमा एकाच जातीचे. त्यांच्यात लेक्टिन नावाची प्रथिनं असतात. नीट शिजली की ती निष्प्रभ होतात, कच्ची राहिली की काही तासांत मळमळ, उलट्या, जुलाब. राजम्यात ती सर्वांत जास्त, म्हणून तो भिजवून, पाणी बदलून, खळखळून उकळायचा. शेंगेत कमी, पण आहेत.

मामी: आणि खानावळीतच का होतं हे?

भाची: कढई भलीमोठी, शेंगा दहा किलो, आणि ढवळणारा एक. तळाच्या शेंगा शिजतात, वरच्या नुसत्या गरम होतात. रंग हिरवागार दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

भाचीचं हे बोलणं चालू असताना मला युआन मेइ आठवला. चीनमधला हा कवी खवय्या होता. 1792 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पाककलेच्या पुस्तकात आचाऱ्यांसाठी नियम आहेत, आणि त्यांतला एक नेमका याच दुखण्यावर आहे. परतायच्या पदार्थाचं प्रमाण जास्त झालं की आच आतपर्यंत पोचत नाही, म्हणून एका वेळी अर्ध्या चिनी शेरापेक्षा जास्त मांस कढईत घालू नये, असं तो बजावतो. आजच्या हिशेबाने 300 ग्रॅमच्या आसपास. हे त्याने चुलीवरच्या आचेबद्दल, हॉटेलची आजची शेगडी जन्माला यायच्या कितीतरी आधी लिहिलं. भाचीने आचेचं जे गणित मांडलं त्याचं उत्तर इथे आहे: आच दहापट करता येत नसेल, तर शेंगा कमी करा. मी हे बोलून दाखवलं. मामीला ते आवडलं, भाचीला 'मामा, तुम्ही फितूर झालात' असं वाटलं.

मामी: बरं, मसाल्याचं बोल. ते तुझं हुआज्याओ म्हणजे आपलं तिरफळच ना?

भाची: तिरफळ नव्हे, तिरफळाच्या नात्यातलं. झॅन्थोझायलम या एकाच प्रजातीतली दोन झाडं. कोकण-गोव्याचं तिरफळ झॅन्थोझायलम रेट्सा, तिकडचं लाल हुआज्याओ झॅन्थोझायलम बंजियानम. दोन्ही लिंबाच्या कुलातली, दोन्हींना काटे, दोन्हींचं वाळलेलं साल वापरायचं आणि आतलं काळं बी फेकायचं.

मामी: मग झालं की! माझ्या डब्यात तिरफळं आहेत, आईने पाठवलेली.

भाची: पण वास वेगळा. तिरफळाचा उग्र, रानटी. बांगड्याच्या कालवणात शोभतो. हुआज्याओचा हलका, मोसंबीच्या सालीसारखा. आणि मुंग्या! त्या सँशूल नावाच्या द्रव्याने येतात. 2013 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी लोकांच्या ओठांना हुआज्याओ लावून, बोटांना यंत्राने कंप देऊन, दोन्हींची तुलना करायला लावली. ओठांवरची थरथर सेकंदाला सुमारे 50 कंपांची निघाली. तिखट जीभ भाजतं, हे जिभेला कापरं भरवतं. सिचुआनी जेवण म्हणजे दोन्ही एकदम.

मामी: तिरफळानेही जीभ बधिर होते गो. लहानपणी एक कच्चं चावलं होतं, तासभर बोलता येईना. म्हणून आम्ही ते वाटणात घालत नाही. ठेचून कालवणात सोडायचं आणि जेवताना ताटाच्या कडेला काढायचं.

भाची: तसंच इथे कर. वाटू नकोस. तेलात घाल, वास सुटला की तिरफळ काढून टाक, मग मिरच्या. आणि तेल जरा निवलेलं असू दे. करपलं की कडू होतं आणि सगळी भाजी बिघडते.

मामी: म्हणजे चालेल.

भाची: चालेल म्हणजे... ती चव नाही येणार.

मामी: तू काहीतरी सांगत होतीस ना, अमेरिकेत हा मसाला बंद होता म्हणून?

भाची: हो. 1968 पासून 2005 पर्यंत त्याच्या आयातीवर तिथे कायद्याने बंदी होती. लिंबू-संत्र्याच्या झाडांना कँकर रोग होतो, तो या सालीबरोबर येईल ही भीती. नंतर उष्णता देऊन निर्जंतुक केलेला माल येऊ लागला.

मामी: मग तेवढी वर्षं तिथल्या चिनी हॉटेलवाल्यांनी काय दुकानं बंद केली? त्याच फरसबीवर तिथली माणसं लहानाची मोठी झाली आणि आज म्हणत असतील, आमच्या गल्लीतल्या हॉटेलसारखी चव कुठे नाही.

भाचीला यावर पटकन उत्तर सुचलं नाही. मलाही सुचलेलं नाही.

भाची: मसाला सोड, मग 'या-त्साय'चं काय करशील? खारवलेल्या मोहरीच्या देठांचा काळपट चुरा. यीबिनचा प्रसिद्ध आहे, लुझोऊच्या वरच्या अंगाला यांगत्से नदीवर. खारट, किंचित गोड, मुरलेला. भाजीला खोली देणारा तोच. तो मुंबईच्या एखाद्या मोठ्या दुकानात पाकिटात मिळाला तर मिळाला, आपल्या वाण्याकडे नाही.

मामी: खारट, मुरलेलं आणि खोल चवीचं असं कोकणात काही नाही म्हणतेस? जवळा घालते भाजून.

भाची: आज गुरुवार आहे, मामी.

मामी: अरे देवा. पण तसं म्हटलं तर तुमच्या त्या भाजीत खिमा असतोच ना?

भाची: असतो. तिथे भाजी म्हणजे शाकाहारी असं गृहीत धरायचं नाही. मांस हे तिथे कित्येकदा मिठासारखं, चवीपुरतं. मी दर वेळी 'मांस नको' सांगायचे. काही आचारी खिम्याऐवजी सुकी कोळंबी घालतात.

मामी: मग मी काय निराळं सांगितलं? वांग्यात सुकट घालतो तसंच ते. चमचाभर घातलं की भाजी वर येते. शुक्रवारी करू, जवळा घालून.

भाची: आणि आज?

मामी: आज सांडगी मिरची तळून चुरडते. ताकात-मिठात मुरलेली आहे, खारटपणा आहे. तुझं या-त्साय नव्हे, हे मीच सांगते, म्हणजे तुला सांगावं लागणार नाही. पण ते अजिनोमोटो मात्र माझ्या घरात येणार नाही.

भाची: हे मला कळत नाही. त्यातलं ग्लुटामेट टोमॅटोत आहे, सोया सॉसमध्ये आहे, तुझ्या जवळ्यात भरपूर आहे. 1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ते वेगळं काढलं, एवढंच. त्याची भीती पसरली 1968 नंतर. एका डॉक्टरने अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, की चिनी हॉटेलात जेवलं की मान बधिर होते, धडधडतं. त्याने मीठ, वाइन, अजिनोमोटो अशा अनेक शंका मांडल्या होत्या. लोकांनी एकच उचलली. नंतर गोळी कसली ते न सांगता केलेल्या चाचण्यांत ती लक्षणं सातत्याने दिसली नाहीत.

मामी: विष आहे म्हणून नको, असं मी म्हटलंच नाही. ते घातलं की सगळ्या भाज्या सारख्याच लागतात, म्हणून नको.

हा मुद्दा विज्ञानाने खोडता येत नाही, आणि मामीला ते माहीत आहे.

त्या दिवशी भाजी झाली. पाव किलो कोवळ्या शेंगा धुऊन पंचावर पसरून कोरड्या केल्या. बिडाची कढई आधी चांगली तापवली, दोन चमचे तेल, शेंगा एका थरात. पहिली काही मिनिटं भाचीचं गणितच खरं ठरतंय असं वाटत होतं. वाफ येत होती, रंग हिरवाच. मामीने झाकण ठेवलं नाही, मीठ घातलं नाही. मीठ आधी घातलं तर शेंगा पाणी सोडतात, हे तिला पुस्तकाने शिकवलेलं नाही. हळूहळू चुरचुर कोरडी झाली, साल सैल पडलं, कडा तांबूस झाल्या. भाचीने एक शेंग मोडून, चावून पाहिली आणि शिजल्याचा डॉक्टरी निर्वाळा दिला. शेंगा बाजूला काढून त्याच कढईत तिरफळ, बेडगी मिरच्या, लसूण, आलं, सांडग्या मिरचीचा चुरा. शेंगा परत आत. कडेने सोया सॉस आणि साखर.

भाची: (दुसऱ्यांदा वाढून घेत) ही ती नाही.

मामी: नाहीच.

भाची: शेंगेची चव मात्र तिथल्यापेक्षा जास्त लागते. तळलेलीत ती तेलात जाते. फोड नाहीत, तिरफळ जरा पुढे पुढे करतंय. लुझोऊच्या आचाऱ्याने याला आपली भाजी म्हटलं नसतं.

मामी: त्याच्या आईने म्हटलं असतं.

आता माझा निकाल. हॉटेलसारखे फोड आणि तो तेलकट खमंगपणाच हवा असेल तर शेंगा तळाव्या लागतील. त्याला पळवाट नाही, आणि त्यासाठी हॉटेलात जाणं स्वस्त पडतं. यात भाची बरोबर आहे. पण दोघा-तिघांसाठी, वेळ हाताशी असताना, मंद परतलेली फरसबी हा हॉटेलच्या भाजीचा गरीब अवतार नाही. हॉटेलला परवडत नाही म्हणून त्याने सोडलेली ती पद्धत आहे, आणि ती घरातच जगू शकते. दहा पाहुणे येणार असतील तर मात्र दुसरी भाजी करा.

करून पाहणाऱ्यांनी शेंगा कोवळ्या घ्याव्यात, पूर्ण कोरड्या कराव्यात आणि एका वेळी पाव किलोवर कढईत टाकू नयेत. हुआज्याओ मिळालं तर उत्तम. तिरफळ वापरलं तर चार-पाचच, आणि वाढण्यापूर्वी मोजून बाहेर काढा. शेंग मोडून चाखा, आत कच्ची लागली तर कितीही हिरवी आणि सुंदर दिसत असली तरी पुन्हा कढईत टाका.